टॅग लावलेलं प्रोटीन अँटिबॉडीने शोधायचं कसं? नवख्यांसाठी पायरी पायरीने

ज्या प्रोटीनवर काम करायचं त्याची चांगली अँटिबॉडी मिळत नाही, किंवा मिळते पण तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही, ही वेळ प्रयोगशाळेत जवळपास सगळ्यांवर येते. नवी अँटिबॉडी बनवून घ्यायची तर महिनोन्‌महिने जातात आणि एवढं करून ती चालेलच याची खात्री नसते. त्यापेक्षा जनुकाच्या एका टोकाला आठ-दहा अमिनो आम्लांचा छोटा तुकडा, म्हणजे टॅग, जोडायचा आणि त्या टॅगची आधीपासून तावून सुलाखून निघालेली अँटिबॉडी वापरायची, हा मार्ग सोपा पडतो. शॉन मन्रो आणि ह्यू पेल्हॅम यांनी १९८४ साली फळमाशीच्या एचएसपी७० या प्रोटीनला सबस्टन्स पी या पेप्टाइडचा तुकडा जोडून ही युक्ती चालते हे दाखवलं. आज टॅग आधीच असलेले प्लाझमिड (जनुक पेशीत नेणारे डीएनएचे छोटे गोल रेणू) सहज मिळतात.

पण सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. ही अँटिबॉडी तुमचं प्रोटीन ओळखत नाही, फक्त टॅग ओळखते. ब्लॉटवर (म्हणजे वेस्टर्न ब्लॉट: जेलमध्ये वजनानुसार वेगळी केलेली प्रोटीन मेम्ब्रेनवर उतरवून अँटिबॉडीने शोधणं) बँड, म्हणजे पट्टा, दिसला याचा अर्थ ‘टॅगसारखं काहीतरी इथे आहे’ एवढाच. ते तुमचंच प्रोटीन आहे का, अख्खं आहे का, त्याचं काम करतंय का, हे सगळं तुम्हाला वेगळं सिद्ध करावं लागतं. पुढच्या प्रत्येक पायरीत हाच प्रश्न डोक्यात असू द्या.

टॅग कोणता घ्यायचा

सगळ्यात जास्त वापरात असलेले टॅग पाच-सहाच आहेत. फ्लॅग हा आठ अमिनो आम्लांचा: डी-वाय-के-डी-डी-डी-डी-के. तो १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मुद्दाम पाण्याशी सलगी करणारा बनवला गेला, म्हणजे प्रोटीनच्या आत दडून न बसता तो पृष्ठभागावर राहतो. त्याची एम२ ही अँटिबॉडी टॅग कुठल्याही टोकाला असला तरी पकडते. एम१ नावाची जुनी बहीण मात्र कॅल्शियम असेल आणि फ्लॅग अगदी सुरुवातीला मोकळा असेल तरच नीट चिकटते. बाटलीवरचं नाव वाचल्याशिवाय ‘फ्लॅगची अँटिबॉडी’ उचलू नका, ते याचसाठी.

एचए हा नऊ अमिनो आम्लांचा तुकडा फ्लूच्या विषाणूच्या हिमॅग्लुटिनिन प्रोटीनमधला. त्याच्या १२सीए५ (उंदराची, म्हणजे माऊसची) आणि ३एफ१० (रॅटची) या अँटिबॉडी सगळीकडे दिसतात. एचएचा एक अवगुण फारसा कुणी सांगत नाही: पेशी अपॉप्टोसिसने (ठरवून होणाऱ्या पेशीमृत्यूने) मरत असतील तर कॅस्पेज-३ आणि कॅस्पेज-७ ही प्रोटीन कापणारी एन्झाइम हा टॅगच कापतात आणि सिग्नल नाहीसा होतो. पेशीमृत्यूवर काम असेल तर एचए टाळा, नाहीतर ‘प्रोटीन नष्ट झालं’ असा निष्कर्ष काढाल आणि प्रत्यक्षात फक्त टॅग गेलेला असेल.

मिक टॅग दहा अमिनो आम्लांचा, माणसाच्या सी-मिक या प्रोटीनमधूनच घेतलेला. त्यामुळे ९ई१० ही अँटिबॉडी मानवी पेशींमधलं मूळचं सी-मिकही पकडते. तुमच्या प्रोटीनचं वजन ५५ ते ६५ किलोडाल्टनच्या आसपास असेल तर दोन्हींची गल्लत व्हायला वेळ लागत नाही. व्ही५ हा चौदा अमिनो आम्लांचा, एका पॅरामिक्सोव्हायरसमधून आलेला, आणि एकंदर गुणी टॅग आहे.

सहा हिस्टिडीनच्या टॅगबद्दल माझं मत स्पष्ट आहे: निकेलच्या कॉलमवर प्रोटीन शुद्ध करायला तो उत्तम, पण सस्तन प्राण्यांच्या पेशींच्या लायसेटमध्ये (फोडलेल्या पेशींच्या द्रवात) अँटिबॉडीने शोधायला पहिली पसंती देऊ नका. हिस्टिडीनच्या रांगा पेशीतल्या इतर प्रोटीनमध्येही असतात आणि पार्श्वभूमी घाण येते. जीएफपी सुमारे २७ किलोडाल्टनचा आहे. तो जोडल्यावर ते ‘छोटं शेपूट’ राहत नाही, जवळपास दुसरं प्रोटीनच चिकटवल्यासारखं होतं. जिवंत पेशीत चमक बघायची नसेल तर गरज नाही.

प्रोटीन कमी प्रमाणात बनत असेल तर फ्लॅगची तीनदा पुनरावृत्ती असलेला ३×फ्लॅग घ्या. संवेदनशीलता चांगलीच वाढते आणि वजन जेमतेम तीन किलोडाल्टनने वाढतं. दोन प्रोटीन एकमेकांना चिकटतात का हे बघायचं असेल तर एकाला फ्लॅग आणि दुसऱ्याला एचए लावा, आणि त्यांच्या अँटिबॉडी वेगवेगळ्या प्राण्यांच्या निवडा, उदाहरणार्थ एक उंदराची आणि एक सशाची. उंदीर आणि रॅट ही जोडी शक्यतो नको. हे प्राणी इतके जवळचे आहेत की दुसरी अँटिबॉडी (पहिल्या अँटिबॉडीला चिकटून सिग्नल देणारी) दोघांच्याही अँटिबॉडींना पकडू शकते.

कुठल्या टोकाला लावायचा

इथे घाई केली की नंतर महिना वाया जातो. प्रोटीन पेशीबाहेर जाणारं किंवा पटलात बसणारं असेल तर त्याच्या सुरुवातीला अनेकदा सिग्नल पेप्टाइड (प्रोटीनला वाट दाखवणारा तुकडा) असतं आणि ते वाटेत कापलं जातं. टॅग त्याच्याही आधी लावलात तर पेप्टाइडबरोबर टॅगही गेला. अशा वेळी टॅग सिग्नल पेप्टाइडच्या लगेच नंतर किंवा दुसऱ्या टोकाला हवा. दुसऱ्या अमिनो आम्लाच्या जागी ग्लायसिन असून त्यावर मिरिस्टिक आम्ल बसत असेल तर सुरुवातीचं टोक मोकळं सोडावं लागतं. रॅससारख्या प्रोटीनमध्ये शेवटच्या चार अमिनो आम्लांमुळे चरबीची शेपटी जोडली जाते, तिथे शेवटी टॅग लावला की प्रोटीन पटलापर्यंत पोचतच नाही.

यातलं काहीच लागू होत नसेल तर अल्फाफोल्ड या संगणकीय प्रणालीने वर्तवलेली रचना उघडा आणि कुठलं टोक बाहेर मोकळं लोंबतंय ते बघा. तिथे टॅग लावा, आणि प्रोटीन आणि टॅग यांच्यामध्ये ग्लायसिन-सेरिनचा छोटा दुवा ठेवा. जमलं तर दोन्ही टोकांचे दोन वेगळे प्लाझमिड सुरुवातीलाच बनवा. खर्च थोडा वाढतो, पण पुढे शंका आली की एक दुसऱ्याची साक्ष देतो.

क्लोनिंग झाल्यावर सिक्वेन्सिंगमध्ये दोन गोष्टी डोळ्यांनी तपासा. टॅग जनुकाशी एकाच रीडिंग फ्रेममध्ये (तीन-तीन अक्षरांच्या त्याच वाचनक्रमात) आहे का, आणि टॅग शेवटी असेल तर जनुकाचा मूळ स्टॉप कोडॉन (प्रोटीन इथे संपलं असं सांगणारी खूण) काढला आहे का. स्टॉप कोडॉन राहिला तर प्रोटीन बनतं, कामही करतं, पण टॅग कधीच तयार होत नाही. मग अँटिबॉडीला दोष देत बसायची वेळ येते.

पेशी वाढवण्याआधी कंट्रोल ठरवा

हे उशिरा करायचं काम नाही. जेलवर निदान तीन लेन (एकेका नमुन्याच्या रांगा) हव्यातच: रिकामा प्लाझमिड घातलेल्या पेशी, टॅग लावलेलं तुमचं प्रोटीन, आणि त्याच टॅगचं आधी चाललेलं, ज्याचं वजन माहीत आहे असं दुसरं एखादं प्रोटीन. पहिल्या लेनमुळे खोटे बँड उघडे पडतात. तिसऱ्या लेनमुळे अँटिबॉडी आणि रसायनं ठीक होती हे कळतं. तुमच्याच प्रोटीनचा टॅग नसलेला प्लाझमिड हाताशी असेल तर तोही घाला, त्यापेक्षा प्रामाणिक कंट्रोल नाही. जागा वाचवायला म्हणून रिकाम्या प्लाझमिडची लेन गाळायचा मोह होतो. गाळू नका. ती नसलेला ब्लॉट मी कुणाचाही असो, मानत नाही.

पेशी फोडणे

ट्रान्सफेक्शननंतर (प्लाझमिड पेशींत घातल्यावर) साधारण २४ ते ४८ तासांनी पेशी गोळा करा. थंड पीबीएसने (फॉस्फेट असलेल्या खारट बफरने) धुवा आणि पुढचं सगळं बर्फावर. फक्त प्रोटीन आहे की नाही बघायचं असेल तर रिपा हा पेशी फोडणारा कडक बफर चालतो. पुढे इम्युनोप्रेसिपिटेशन (अँटिबॉडीने लायसेटमधून प्रोटीन ओढून काढणं) करून चिकटलेले जोडीदार शोधायचे असतील तर एसडीएस नसलेला, एनपी-४० किंवा ट्रायटन असलेला सौम्य बफर घ्या. प्रोटीएज इनहिबिटर (प्रोटीन कापणारी एन्झाइम रोखणारी रसायनं) वापरायच्या अगदी आधी घाला. त्यातला पीएमएसएफ पाण्यात लवकर निकामी होतो, त्यामुळे काल बनवून ठेवलेल्या बफरमध्ये तो आहे असं धरून चालू नका.

सहा खणांच्या प्लेटमधल्या एका खणाला १५० ते २०० मायक्रोलिटर बफर पुरतो. १५-२० मिनिटं बर्फावर ठेवून ४ अंश सेल्सिअसला १२,००० ते १४,००० जी वेगाने १५ मिनिटं फिरवा. वरचं द्रव घ्या, पण पहिल्या वेळी तळाचा गाळ फेकू नका. तो एसडीएस असलेल्या सॅम्पल बफरमध्ये उकळून वेगळ्या लेनमध्ये चालवा. न विरघळणारी, गोळा होणारी किंवा क्रोमॅटिनला चिकटलेली प्रोटीन तिथे सापडतात, आणि ‘प्रोटीन बनतच नाही’ असं वाटणाऱ्या कित्येक प्रयोगांचं उत्तर त्या गाळातच असतं.

बीसीए या रंगचाचणीने प्रोटीनचं प्रमाण मोजा, प्रत्येक लेनला २० मायक्रोग्रॅम घ्या, डीटीटी किंवा बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल असलेल्या सॅम्पल बफरमध्ये ९५ अंशांवर पाच मिनिटं ठेवा. पटलातून अनेकदा आरपार जाणारी प्रोटीन उकळली की एकमेकांना चिकटून जेलच्या तोंडाशीच अडकतात. त्यांना ३७ अंशांवर अर्धा तास पुरे.

जेल, ट्रान्सफर, पॉन्सो

मधल्या वजनाच्या प्रोटीनला १०% जेल, लहानांना १२ ते १५%. पीव्हीडीएफ मेम्ब्रेन आधी मिथेनॉलमध्ये भिजवा, नायट्रोसेल्युलोजला ते लागत नाही. वीस किलोडाल्टनच्या खाली असाल तर ०.२ मायक्रॉनच्या छिद्रांची मेम्ब्रेन घ्या. ट्रान्सफर करताना जेल ऋण बाजूला आणि मेम्ब्रेन धन बाजूला, मधले बुडबुडे रोलरने काढलेले. थंडीत १०० व्होल्टला एक तास, किंवा ३० व्होल्टला रात्रभर.

ट्रान्सफर झाला की मेम्ब्रेन पॉन्सोमध्ये (प्रोटीनला गुलाबी रंग देणाऱ्या द्रावणात) एक-दोन मिनिटं बुडवा आणि पाण्याने हलकी धुवून नीट बघा. गुलाबी लेन एकसारख्या आहेत का? मध्येच एखादा गोल पांढरा डाग आहे का? तिथे बुडबुडा होता, आणि नेमका तुमचा बँड तिथे पडणार असेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही. खालची अर्धी मेम्ब्रेन फिकी आहे का? मग लहान प्रोटीन आरपार गेली असतील. लेनच्या सीमा पेन्सिलने आखून घ्या, फोटो काढा, मग टीबीएसटीने (ट्रिसचं खारट बफर आणि ट्वीन-२०) रंग जाऊ द्या. ही पाच मिनिटं वाचवणारे लोक पुढचा अख्खा दिवस गमावतात.

अँटिबॉडी लावणे

टीबीएसटीमध्ये (०.१% ट्वीन-२०) ५% स्किम दूध पावडर घालून एक तास ब्लॉक करा. मग पहिली अँटिबॉडी, ४ अंशांवर रात्रभर, हलत्या तक्त्यावर. किती पातळ करायची हे बाटलीच्या माहितीपत्रकावरून सुरू करा. काहीच अंदाज नसेल तर १:१००० पासून. त्यानंतर टीबीएसटीने तीन वेळा, दर वेळी दहा मिनिटं धुवा आणि दर वेळी भांडं पूर्ण रिकामं करा. मग एचआरपी (प्रकाश देणारी रासायनिक क्रिया घडवणारं एन्झाइम) जोडलेली दुसरी अँटिबॉडी १:५००० ते १:१०,०००, एक तास. पुन्हा तीनदा धुणं, मग ईसीएल, म्हणजे एचआरपीमुळे चमकणारं रसायन.

दुसरी अँटिबॉडी पहिलीच्या प्राण्याविरुद्धची हवी हे सगळ्यांना माहीत असतं, तरी चूक इथेच जास्त होते. ३एफ१० रॅटची आहे. तिच्यावर सवयीने उंदराविरुद्धची दुसरी अँटिबॉडी ओतली जाते, आणि बँड फिका येतो किंवा येतच नाही. पहिली अँटिबॉडी पुन्हा वापरायची म्हणून तिच्यात सोडियम अझाइड घालतात, ते ठीक. पण अझाइड एचआरपीला मारतं, म्हणून दुसरीत ते चुकूनही जाऊ देऊ नका, आणि पहिलीलाच एचआरपी जोडलेलं असेल तर तिच्यातही नाही.

जास्त अँटिबॉडी म्हणजे जास्त चांगला ब्लॉट हा समज लवकर सोडलेला बरा. टॅग लावलेलं प्रोटीन प्लाझमिडवरून बनतं तेव्हा ते ढीगभर बनतं. बँडच्या मधोमध पांढरी पोकळी दिसली तर तिथला ईसीएलचा सबस्ट्रेट केव्हाच संपलेला असतो. त्यावर उपाय प्रोटीन कमी भरणं आणि अँटिबॉडी आणखी पातळ करणं हा.

ब्लॉट वाचायचा कसा

समजा तुमचं प्रोटीन ४५ किलोडाल्टनचं आहे आणि शेवटी ३×फ्लॅग लावलाय. बँड साधारण ४८ ला अपेक्षित आहे. ब्लॉटवर ४८ ला जाड बँड, ३० ला एक बारीक बँड, ७० च्या आसपास एक फिका बँड, असं चित्र आलं. आता घाईने ४८ कडे बोट दाखवू नका.

आधी रिकाम्या प्लाझमिडची लेन. तिथे ७० चा बँड तेवढाच फिका असेल तर तो पेशीतल्याच कशाला तरी अँटिबॉडी चिकटल्यामुळे आहे, त्याचा विचार सोडा. ३० चा बँड तिथे नसेल तर तो तुमच्याच प्रोटीनचा तुकडा आहे. टॅग शेवटी असल्यामुळे हा तुकडा मागच्या बाजूचा आहे एवढं नक्की सांगता येतं. तो दोन कारणांनी येतो: प्रोटीन कापलं गेलं, किंवा रायबोसोमने मधल्याच एखाद्या एटीजीपासून सुरुवात केली. इनहिबिटर वाढवून तो कमी झाला तर पेशी फोडताना कापलं जात होतं. नाही झाला तर त्या मधल्या मेथिओनिनचा कोडॉन बदलून बघा. सुरुवातीला टॅग असलेला दुसरा प्लाझमिड बनवून ठेवला असेल तर त्याचा खरा उपयोग इथे होतो: ३० चा बँड त्यात दिसणार नाही, कारण त्या तुकड्यावर टॅगच नाही. प्रोटीन खरंच कापलं जात असेल तर कदाचित पुढच्या बाजूचा उरलेला तुकडा दिसेल.

बँड अपेक्षेपेक्षा वर असेल तर लगेच चुकलं म्हणू नका. आम्लधर्मी आणि निश्चित घडी नसलेली प्रोटीन एसडीएस जेलवर हळू धावतात आणि खऱ्यापेक्षा जड भासतात. साखरेच्या साखळ्या असतील तर त्या कापणारं पीएनजीएज एफ हे एन्झाइम लावून बँड खाली येतो का बघा. साधारण आठ-नऊ किलोडाल्टनच्या पायऱ्यांनी वर चढणारी शिडी दिसली तर युबिक्विटिनचा (इतर प्रोटीनला जोडलं जाणारं छोटं प्रोटीन) संशय घ्या.

आणि काहीच दिसलं नाही तर? क्रम असा ठेवा. तिसऱ्या, म्हणजे माहीत असलेल्या प्रोटीनच्या लेनमध्ये बँड आहे का? नसेल तर दोष अँटिबॉडी, ट्रान्सफर किंवा ईसीएलचा, प्लाझमिडला हात लावू नका. तो बँड आहे पण तुमचा नाही, तर गाळाची लेन बघा, सिक्वेन्स पुन्हा वाचा, आणि पेशींना एमजी-१३२ ने चार-सहा तास प्रोटीएसोम (पेशीतली प्रोटीन मोडणारी यंत्रणा) रोखून बघा, प्रोटीन बनताक्षणी मोडलं जात असेल तर आता दिसेल. पेशीबाहेर जाणाऱ्या प्रोटीनवर फ्लॅग असेल तर आणखी एक शक्यता आहे: गॉल्जीतून जाताना फ्लॅगमधल्या टायरोसिनवर सल्फेट बसतं आणि एम२ ला तो टॅग नीट पकडता येत नाही. तिथे टॅग बदलणं हाच शहाणपणा.

लोडिंग कंट्रोल (प्रत्येक लेनमध्ये सारखं प्रोटीन भरलं हे दाखवणारं पेशीतलं प्रोटीन) निवडताना वजनाकडे लक्ष द्या. ॲक्टिन ४२ किलोडाल्टनचं आहे. तुमचा बँड ४८ ला असेल तर दोघांची दाटी होते, ३७ चं जीएपीडीएच जास्त सोयीचं.

इम्युनोप्रेसिपिटेशन आणि सूक्ष्मदर्शक

ब्लॉट नीट जमल्यावरच इकडे वळा. इम्युनोप्रेसिपिटेशनला ५०० मायक्रोग्रॅम ते एक मिलिग्रॅम लायसेट घ्या, अँटिबॉडी पक्की जोडलेले बीड्स घाला, ४ अंशांवर एक-दोन तास फिरवत ठेवा, तीन ते पाच वेळा धुवा. रिकाम्या प्लाझमिडचं लायसेटही तसंच पूर्ण प्रवासातून न्या, कारण बीड्सना नुसतीच चिकटणारी प्रोटीन पुष्कळ असतात. बीड्स थेट सॅम्पल बफरमध्ये उकळले तर अँटिबॉडीही सुटून येते आणि ब्लॉटवर ५० आणि २५ किलोडाल्टनला तिच्या जड आणि हलक्या साखळ्यांचे ठसठशीत बँड उमटतात. वरच्या उदाहरणातलं ४८ चं प्रोटीन त्याखाली गडप होईल. म्हणून फ्लॅग असेल तर ३×फ्लॅग पेप्टाइडने प्रोटीन हळुवार सोडवून घ्या, किंवा ब्लॉटला दुसऱ्या प्राण्याची अँटिबॉडी वापरा.

सूक्ष्मदर्शकाखाली बघायला पेशी ४% पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये १५ मिनिटं घट्ट करा, ०.१ ते ०.२% ट्रायटनने दहा मिनिटं छिद्रं पाडा, बीएसएने ब्लॉक करा आणि मग दोन्ही अँटिबॉडी. फक्त दुसरी अँटिबॉडी लावलेली एक काच हवीच. ट्रान्सफेक्शन सगळ्या पेशींत होत नाही, हे इथे पथ्यावर पडतं: एकाच दृश्यात चमकणारी पेशी आणि तिच्या शेजारची काळोखी पेशी दिसली पाहिजे. सगळ्याच पेशी सारख्या उजळलेल्या दिसत असतील तर ते तुमचं प्रोटीन नव्हे, पार्श्वभूमी आहे. आणि फोटो काढताना सगळ्यात तेजस्वी पेशी निवडू नका. तिच्यात प्रोटीन इतकं जास्त झालेलं असतं की ते भलत्याच जागी साठतं. मंद पण स्पष्ट चमकणाऱ्या पेशींमधली जागाच विश्वासाची.

बँडही आला, जागाही दिसली, तरी टॅग लावलेलं प्रोटीन काम करतंय का हे अजून कळलेलं नाही. त्यासाठी ते जनुक काढून टाकलेल्या पेशी घ्या, त्यात टॅग लावलेली प्रत मूळच्या प्रमाणाच्या जवळपास बनेल अशी घाला, आणि गेलेलं काम परत येतं का ते मोजा. परत आलं तर तो टॅग आणि ते टोक पुढच्या सगळ्या प्रयोगांना वापरा. नाही आलं तर दुसऱ्या टोकाचा प्लाझमिड काढा आणि ब्लॉटपासून पुन्हा सुरू करा.